वस्तूंचे पारपत्र : उद्दिष्ट कोणाचे?

(दिल्ली व परिसरातील कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पारपत्र म्हटले की डोळ्यांपुढे माणूस उभा राहतो. सीमा ओलांडणाऱ्या माणसाने आपण कोण, कोठले, हे सिद्ध करण्यासाठी जवळ बाळगायचा तो दस्तऐवज. आता युरोपीय संघाने वस्तूंना पारपत्र देण्याचे ठरविले आहे. १८ जुलै २०२४ रोजी तेथे अमलात आलेल्या कायद्याने त्याची चौकट घालून दिली. वस्तूवर एक सांकेतिक खूण असेल. ती फोनने वाचली की वस्तू कशापासून बनली, तिच्यात कोणती घातक द्रव्ये आहेत, ती किती टिकेल, दुरुस्त कशी करावी आणि मोडीत निघाल्यावर तिचे काय करावे, ही माहिती समोर येईल. इंग्रजीत यास डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट असे नाव आहे. वीजवाहने, हलकी वाहने आणि २ किलोवॅट-तासांपेक्षा मोठ्या औद्योगिक बॅटऱ्या यांना १८ फेब्रुवारी २०२७ पासून ते सक्तीचे होणार आहे. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या कार्यक्रमपत्रिकेत पोलाद, ॲल्युमिनियम, कापड व तयार कपडे, फर्निचर, टायर आणि गाद्या यांचा अग्रक्रम लावण्यात आला आहे.

हा प्रश्न ब्रसेल्सच्या कचेऱ्यांतील आहे, दिल्लीच्या कामगारांचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणास वाटेल. संबंध अगदी जवळचा आहे. उद्योग विहार, ओखला आणि नोएडा येथील शिलाई कारखान्यांतून निघणारा कपडा युरोपात जातो. युरोप-अमेरिकेत वापरून टाकलेला कपडा पानिपतला येतो. नोएडात जोडलेला फोन आयुष्य संपल्यावर सीलमपूरच्या गल्लीत फोडला जातो. वस्तूच्या जन्माचे आणि मरणाचे दोन्ही टप्पे या राजधानी परिसरातील श्रमिकांच्या हातांखालून जातात. ज्यांच्या हाती नेमणूकपत्रदेखील नाही अशा माणसांनी घडविलेल्या आणि मोडलेल्या वस्तूंना आता पारपत्र मिळणार आहे. म्हणून या व्यवस्थेचे उद्दिष्ट काय असावे आणि ते कोणी ठरवावे, हा कामगार चळवळीपुढील प्रश्न आहे.

मायापुरीचा धडा

वस्तूची माहिती वस्तूबरोबर प्रवास करीत नाही तेव्हा काय होते, याचे उत्तर दिल्लीने २०१० साली पाहिले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले गॅमा किरणांचे एक यंत्र होते. त्यात कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य होते. १९८५ पासून ते यंत्र वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर निरुपयोगी सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला आणि ते पश्चिम दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तेथे भंगाराच्या मोलासाठी ते फोडण्यात आले. आत काय आहे हे फोडणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली. त्वचा काळी पडली, केस गळले, अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले आणि २६ एप्रिल रोजी एका कामगाराचा मृत्यू झाला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सात पायऱ्यांच्या श्रेणीत ही दुर्घटना चौथ्या पायरीची ठरली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. माहिती अस्तित्वातच नव्हती, असे नाही. यंत्र बनविणाऱ्यास ती ठाऊक होती, विकत घेणाऱ्या संस्थेच्या दप्तरी ती असावयास हवी होती आणि देशात किरणोत्सर्गी साधनांवर देखरेख करणारे नियामक मंडळही होते. परंतु खरेदीपासून लिलावापर्यंत वस्तू जसजशी सामाजिक उतरंडीने खाली आली तसतशी माहिती गळत गेली, आणि शेवटच्या पायरीवरील श्रमिकाच्या हाती फक्त धोका उरला. वस्तूचे मोल वरच्यांनी वापरले आणि तिचे विष खालच्यांच्या वाट्यास आले. भांडवली समाजात ज्ञानाची वाटणीदेखील मालमत्तेच्या वाटणीसारखीच होते, याचे याहून उघड उदाहरण सापडणे कठीण आहे.

तेव्हा वस्तूच्या पारपत्राची कल्पना मुळातच चुकीची आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. तसे पारपत्र मायापुरीत पोहोचले असते आणि ते वाचता आले असते, तर एक जीव वाचला असता.

नोएडा ते सीलमपूर

आता दुसरे चित्र पाहू. जुलै २०१८ मध्ये नोएडा येथे सॅमसंग कंपनीच्या विस्तारित फोन कारखान्याचे उद्घाटन भारताचे पंतप्रधान आणि दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यांच्या हस्ते झाले. जगातील सर्वांत मोठा फोन कारखाना म्हणून त्याचा गाजावाजा झाला. यमुनेच्या त्याच तीरावर, त्याच महानगरात, ईशान्य दिल्लीचे सीलमपूर आहे. टाकाऊ विद्युत-उपकरणांचा देशातील सर्वांत मोठा असंघटित बाजार म्हणून ते ओळखले जाते. तेथील अरुंद गल्ल्यांत संगणक, दूरचित्रवाणी संच आणि फोन हातोडीने, पान्याने, उघड्या हातांनी सुटे केले जातात. तांबे मिळावे म्हणून तारा सोलतात. सुटे भाग काढण्यासाठी सर्किटच्या पाट्या आचेवर धरतात. मंडोली आणि लोणीच्या बाजूस आम्लात बुडवून त्यांतून तांबे व सोने काढण्याचे काम चालत आले आहे. शिसे, कॅडमियम आणि पारा यांचा अंश त्या धुरात व पाण्यात मिसळतो, आणि तोच धूर व तेच पाणी वस्तीच्या वाट्यास येते.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेला कचरा हवेत विरत नाही. त्यातील मोठा भाग सीलमपूरसारख्या वस्त्यांतील श्रम गिळतात. हे श्रम हिशेबात नसतात, म्हणून ते स्वस्त असतात. मक्तेदार कंपन्यांना हा बेहिशेबीपणाच सोयीचा असतो.

भारत सरकारने २०२२ साली विद्युत-कचऱ्याचे नवे नियम केले व १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. उत्पादकाने आपल्या मालाच्या प्रमाणात पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे विकत घ्यावीत, अशी त्यांत तरतूद आहे. मात्र २०१६ च्या नियमांत ‘सुटे करणारा’ असा जो नोंदणीचा वर्ग होता, तो नव्या नियमांत उरला नाही. उत्पादक, निर्माता, नूतनीकरण करणारा आणि पुनर्चक्रण करणारा एवढेच वर्ग राहिले. या व्यवसायात ज्यांची संख्या सर्वांत मोठी, त्यांच्या कामाचे नावच कायद्यातून गेले.

पुढे सरकारने प्रमाणपत्रांची किमान किंमत ठरवून दिली. घरगुती विद्युत-उपकरणांसाठी किलोमागे २२ रुपये आणि स्मार्टफोनसाठी ३४ रुपये. ही रक्कम काही अफाट नव्हे. तरीही सॅमसंग, एलजी आणि अन्य कंपन्यांनी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले. नवी वस्तू विकताना पर्यावरणाची जाहिरात करणाऱ्यांना जुनी वस्तू सुरक्षितपणे मोडण्याचा खर्च सोसवत नाही, हा यातील अर्थ आहे. पारपत्राच्या प्रश्नाचे मूळही येथेच आहे. माहिती लिहून ठेवणे स्वस्त असते. त्या माहितीप्रमाणे वागण्यास पैसा लागतो, आणि तो पैसा कोणाच्या नफ्यातून जाणार, यावर संघर्ष असतो.

दोन चुकीच्या भूमिका

या प्रश्नावर दोन चुकीच्या भूमिका घेतल्या जातात. त्या दोन्हींपासून सावध राहिले पाहिजे.

पहिली भूमिका अशी की, हे सारे साम्राज्यवादी राष्ट्रांचे कारस्थान आहे, गरीब देशांच्या निर्यातीपुढे घातलेला अडसर आहे, म्हणून ते सरसकट धुडकावून लावावे. यात तथ्यांश जरूर आहे. मालाची नियमावली कोण लिहितो, तपासणीचा खर्च कोणावर पडतो, लहान कारखानदार त्यात टिकतो की मोठ्या भांडवलदाराच्या पोटात जातो, हे प्रश्न खरे आहेत. युरोपातील खरेदीदार कंपनी भाव तोच ठेवून नोंदींचा सारा बोजा ओखल्यातील पुरवठादारावर टाकील आणि पुरवठादार तो कामगाराच्या मजुरीतून वसूल करील, ही भीतीही खोटी नाही. परंतु निर्यातीचा अडथळा म्हणून जो मालकवर्ग आज ओरड करतो, त्याला देशातल्या देशात हीच माहिती कामगारांस व ग्राहकांस देणे कधी मान्य होते? त्याच्या देशभक्तीमागे आपली बंद वही बंदच राहावी हा हेतू असतो. त्या वहीचे रक्षण करणे हे कामगारवर्गाचे काम नव्हे.

दुसरी भूमिका तंत्रज्ञानाच्या भक्तांची. एकदा खूण छापली, एकदा नोंद झाली, की पारदर्शकता आपोआप येईल आणि अन्याय दूर होईल, अशी त्यांची समजूत असते. अनुभव निराळा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. ३० कोटींहून अधिक असंघटित श्रमिकांची नावे तीत आली, परंतु नाव नोंदले म्हणून निवृत्तिवेतन सुरू झाले नाही की कामाची हमी मिळाली नाही. प्लास्टिक-कचऱ्याच्या बाबतीत तर २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत ६ लाखांच्या आसपास बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली, आणि ती गुजरात, महाराष्ट्र व कर्नाटक या तीन राज्यांतील होती. कचरा जागीच राहिला आणि कागदावर त्याचे पुनर्चक्रण झाले. नोंद संगणकात आहे एवढ्याने ती खरी ठरत नाही. जागेवर जाऊन ती तपासणारा कोणीतरी असावा लागतो, आणि त्या जागी रोज हजर असणारा माणूस म्हणजे कामगार.

वस्तूमागे दडलेले माणसांचे संबंध

मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात दाखवून दिले की, बाजारात माणसामाणसांतील संबंध हे वस्तूवस्तूंतील संबंधांच्या रूपाने वावरतात. सदऱ्याची किंमत दिसते, तो शिवणाऱ्या बाईचा दिवस दिसत नाही. आजचे पारपत्र हा पडदा थोडासा बाजूला करते आणि नेमक्या जागी थांबते. त्यात कार्बनचे मोजमाप आहे, धातूंचे प्रमाण आहे, टिकाऊपणाचा अंक आहे. मजुरी किती, कामाचे तास किती, संघटना करण्याचा हक्क आहे की नाही, हे रकाने मात्र त्यात सक्तीचे नाहीत.

एक घटना या दृष्टीने बोलकी आहे. युरोपच्या बॅटरी कायद्यात कोबाल्ट, लिथियम, निकेल आणि नैसर्गिक ग्रॅफाइट यांच्या पुरवठासाखळीत बालमजुरीसारखे गैरप्रकार होत नाहीत ना, याची चौकशी करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले होते. ते ऑगस्ट २०२५ पासून लागू व्हावयाचे होते. ते दोन वर्षे पुढे ढकलून ऑगस्ट २०२७ पर्यंत नेण्यात आले. पारपत्राची फेब्रुवारी २०२७ ची तारीख मात्र कायम राहिली. वस्तूची ओळख वेळेवर होणार, माणसाची चौकशी नंतर, असा हा क्रम आहे.

ज्या वस्तूमागची माणसे दडून राहतात, ती माणसे आगीनंतरच दिसतात. १३ मे २०२२ रोजी दिल्लीच्या मुंडका भागातील इमारतीस आग लागली. तेथे सीसीटीव्ही कॅमेरे व राउटर यांचे काम चाले. २७ जणांचा बळी गेला आणि त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील राणा प्लाझा कोसळून १,१३४ कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा कोणत्या कंपन्यांचा माल तेथे शिवला जात होता, हे ढिगाऱ्यातून कपड्यांच्या चिठ्ठ्या शोधून सिद्ध करावे लागले. माल कोणासाठी बनतो, ही साधी गोष्ट कामगारास कळण्यासाठी इमारत कोसळावी लागली.

गुपिताचा प्रश्न

म्हणून पारपत्राच्या संदर्भात खरा प्रश्न माहिती गोळा करण्याचा नसून ती कोणाला दिसणार, हा आहे. युरोपच्या बॅटरी कायद्यात माहितीचे स्तर केले आहेत. काही माहिती सर्वांसाठी खुली आहे, काही केवळ शासकीय तपासणी यंत्रणांसाठी आहे, आणि सुटे करण्याच्या पद्धतीसारखी काही माहिती ‘रास्त हितसंबंध’ असलेल्यांसाठी राखली आहे. सीलमपूरमध्ये बॅटरी उघडणाऱ्या मुलाचा हितसंबंध रास्त आहे की नाही? त्याच्या डोळ्यांशी आणि फुप्फुसांशी त्या माहितीचा संबंध आहे. याहून अधिक रास्त हितसंबंध कोणाचा असू शकतो? परंतु त्याची नोंदणी नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही.

लेनिनने सप्टेंबर १९१७ मध्ये, रशियावर दुष्काळ व अराजक यांचे सावट असताना, जे तातडीचे उपाय सुचविले, त्यांत बँकांच्या राष्ट्रीयीकरणाबरोबरच व्यापारी गुपिते रद्द करण्याची मागणी होती. त्यामागील विचार असा की, हिशेब मालकाच्या तिजोरीत बंद असतील तोवर नियंत्रण हा केवळ शब्द राहतो. उत्पादनावर जनतेची देखरेख हवी, तर हिशेब जनतेस पाहता आला पाहिजे. आज हिशेब ठेवण्याची साधने कल्पनेपलीकडे वाढली आहेत. गुपित मात्र तसेच आहे. भारतातही याची सुरुवात झालेली आहे. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यांवर सहा अक्षरांची ओळख-खूण सक्तीची आहे, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून ३०० औषधांच्या वेष्टनांवर सांकेतिक खूण आली. सोन्याचा कस आणि गोळीचा कारखाना ओळखता येतो, तर कामाच्या ठिकाणची सुरक्षितता ओळखता येणार नाही, असे तंत्रज्ञान सांगत नाही. तसे मालमत्तेचे संबंध सांगतात.

कामगारवर्गाची उद्दिष्टे

भारतात अशी व्यवस्था उभी राहील तेव्हा तिची उद्दिष्टे निर्यातदारांच्या संघटना आणि संगणक कंपन्या यांनी ठरवू नयेत. कामगार चळवळीने पुढील पाच उद्दिष्टे मांडली पाहिजेत.

पहिले : पारपत्र शेवटच्या हातापर्यंत पोहोचले पाहिजे. वस्तू उघडणारा, जाळणारा, वितळविणारा जो श्रमिक, त्याला धोक्याची आणि सुरक्षित कृतीची माहिती विनामूल्य, हिंदी-उर्दूसह स्थानिक भाषांत आणि वाचता न येणाऱ्यासही कळेल अशा चित्रखुणांत मिळाली पाहिजे. पानिपतमध्ये ब्लेडने बटणे व चेन कापणाऱ्या, रंगावरून कपडे निवडणाऱ्या स्त्रियांनाही कपड्यातील धागा आणि त्यावरील रसायन कोणते, हे कळले पाहिजे.

दुसरे : वस्तूबरोबर ती मोडण्याचा खर्च गेला पाहिजे. उत्पादकाने भरलेली रक्कम प्रमाणपत्रांच्या दलालीत न जिरता सुटे करणाऱ्यांच्या मजुरीत, सुरक्षासाधनांत आणि आरोग्यतपासणीत उतरली पाहिजे.

तिसरे : पारपत्रात श्रमाचे रकाने असले पाहिजेत. उत्पादनाचे ठिकाण, मजुरीचा दर, कामाचे तास, कंत्राटी कामगारांचे प्रमाण आणि अपघातांची नोंद. या रकान्यांवर कारखान्यातील संघटनेची किंवा निवडलेल्या प्रतिनिधींची साक्ष हवी. मालकाने स्वतःच भरलेली नोंद पुरावा मानता येत नाही.

चौथे : पारपत्राचा विषय वस्तू आणि मालक हाच राहिला पाहिजे. कोणत्या कामगाराने किती मिनिटांत किती टाके घातले, हे मोजून त्याच्यावर पाळत ठेवण्याचे साधन त्यातून बनता कामा नये.

पाचवे : यशाचे माप नोंदींची संख्या हे असू नये. किती वस्तूंना खुणा लागल्या, हे विचारण्याऐवजी किती कार्यशाळांत उघडी आम्लकुंडे बंद झाली, किती मुले कामावरून शाळेत गेली, किती श्रमिकांना नेमणूकपत्र मिळाले, हे विचारले पाहिजे.

तातडीची कामे

यांपैकी काहीही आपोआप मिळणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या. त्यांत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची कामगारसंख्येची मर्यादा १० वरून २० वर आणि विजेविना चालणाऱ्याची २० वरून ४० वर नेली आहे. सीलमपूर, मंडोली आणि लोणीच्या बहुतेक कार्यशाळा या मर्यादेखाली राहतील. वस्तूचे पारपत्र जेथे उघडले जाईल ती जागाच कायद्याच्या व्याख्येत कारखाना नसेल. या संहितांविरुद्धचा लढा आणि पारपत्राच्या उद्दिष्टांचा लढा हे म्हणूनच वेगळे नाहीत.

आजच्या कायद्यातही पकडण्याजोगा धागा आहे. २०२२ च्या विद्युत-कचरा नियमांत राज्याच्या कामगार विभागावर या धंद्यातील कामगारांची ओळख व नोंदणी करण्याची, त्यांचे गट बांधण्यास साहाय्य करण्याची, प्रशिक्षणाची आणि सुरक्षितता व आरोग्य यांची जबाबदारी टाकलेली आहे. दिल्ली, उत्तर प्रदेश आणि हरियाणा या तीनही राज्यांतील कामगार विभागांकडे सामूहिक अर्ज घेऊन जाणे, नोंदणीच्या याद्या मागणे आणि गल्लीगल्लीत गट बांधणे, हे काम उद्यापासून करता येण्याजोगे आहे.

त्यासाठी महाराष्ट्रातील अनुभव उपयोगी पडेल. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी तीत आधी स्वतःची ओळखपत्रे मिळविली, कचऱ्यावरील आपला हक्क मान्य करून घेतला, आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभारून घरोघरच्या कचरासंकलनाचे काम आपल्या हाती घेतले. वस्तूची नोंद होण्यापूर्वी श्रमिकाची ओळख प्रस्थापित झाली, आणि ती संघटनेच्या बळावर झाली, हे त्या अनुभवाचे सार आहे.

साथींनो, वस्तू कोठून आली आणि कोठे जाणार हे समाजाला कळले पाहिजे, ही मागणी मुळात कामगारवर्गाची आहे. नियोजित उत्पादनाचा पाया हिशेब हाच असतो. भांडवलशाहीने ती मागणी आपल्या गरजेपुरती उचलली आहे आणि तिच्यातून माणूस वगळला आहे. तो माणूस पुन्हा त्या नोंदीत आणणे हे चळवळीचे उद्दिष्ट होय. युरोपच्या बाजारात फेब्रुवारी २०२७ पासून बॅटऱ्यांना पारपत्रे मिळू लागतील. सीलमपूरमधील श्रमिकांची पहिली यादी त्याआधी कामगार विभागाच्या टेबलावर पोहोचली पाहिजे.